पावसाचा पगार कुणी द्यायचा?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

२०२५ च्या नोव्हेंबरात, २१ तारखेला, आपल्याकडे चार श्रम संहिता लागू झाल्या. तेव्हापासून आपल्या इचलकरंजीच्या ग्रुपवर जे काही चाललंय ते मी इथून वाचतेय. एक बाजू म्हणते कामगार मेला, दुसरी म्हणते छोटा धंदेवाला मेला. आणि या सगळ्यात दर दोन दिवसांनी कुणीतरी फ्रान्सचं उदाहरण देतं. "फ्रान्समध्ये बघा, कामगार कायद्यांपायी कुणी माणूसच ठेवत नाही." त्यावर लगेच दुसरा, "फ्रान्समध्ये बघा, कामगाराला किती मान आहे." म्हणजे दोन्ही बाजूंना फ्रान्स लागतो, आणि दोन्ही बाजूंना तो बरोबर हवा तसा सापडतो.

मी फ्रान्समध्ये राहते. छोटा धंदा करते. उन्हाळ्याला दोन महिने हाताखाली माणूसही ठेवते. तेव्हा म्हटलं, मतं सगळ्यांची आहेत, आपण आकडे देऊ.

माझं दुकान ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका लहान गावात आहे. हिवाळ्यात गावात दुपारी कुत्रं दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र पाय ठेवायला जागा नसते. मी सुती माल विकते. सोलापूर-इचलकरंजी भागातले पंचे, चादरी, थोडे छापील दुपट्टे. हसू नका, आपला पंचा इथे समुद्रावरचा टॉवेल म्हणून फार चालतो. पातळ असतो, लवकर वाळतो, वाळू चिकटत नाही. एक पंचा १८ युरोला जातो. युरोचे शंभर रुपये धरा, हिशोबाला सोपं पडेल.

वर्षाची निम्मीअधिक विक्री या दोन महिन्यांत होते. आणि नेमकं तेव्हाच मी एकटी असते. दुकान उघडं ठेवू की आसपासच्या गावांतल्या आठवडी बाजारात टेबल मांडू? दोन्ही करायचं तर दुसरा माणूस पाहिजे. पूर्ण वेळेचा परवडत नाही, गरजही नाही. सकाळचे चार तास, आठवड्याचे पाच दिवस, नऊ आठवडे. एवढंच.

आपल्याकडे असता तर काय केलं असतं? शेजारच्या मावशींना म्हटलं असतं, "मावशी, तुमच्या पोरीला सुट्टी लागली ना, बसवा दोन महिने दुकानात. देऊ काहीतरी." त्या 'काहीतरी'वरच आपले अर्धे धंदे चालतात.

इथे 'काहीतरी' हा शब्द चालत नाही.

पहिली गोष्ट, माणूस कामावर येण्याआधी सरकारला कळवायचं. सामाजिक विम्याची वर्गणी गोळा करणारी उर्साफ नावाची संस्था आहे, तिच्याकडे नेमणुकीची नोंद आधीच करावी लागते. पहिल्या दिवशी सकाळी दहाला नाही, त्याच्या आधी. दुसरी गोष्ट, लेखी करार, आणि तो कामावर आल्यापासून दोन कामाच्या दिवसांत तिच्या हातात. करारात कामाचे तास, कुठल्या दिवशी किती, पगार, मुदत सगळं. लेखी करार नसेल तर कोर्ट धरून चालतं की तुम्ही कायमचा माणूस ठेवलाय, आणि तोही पूर्ण वेळेचा. पूर्ण वेळेचा नाही असं सिद्ध करायची जबाबदारी तुमची.

तिसरी गोष्ट अर्धवेळेची. २०१३ च्या कायद्याने इथे अर्धवेळ कामाला आठवड्याला किमान २४ तासांची अट आली. कारण उघड होतं. दुकानदार आणि साफसफाईच्या कंपन्या बायकांना दहा-दहा तासांचे तुकडे देत होत्या, आणि त्यावर घर चालत नव्हतं. अट चांगली आहे, पण माझ्यासारखीला २० तासच हवेत. त्याला वाटा आहेत. माणसाने स्वतः कारण देऊन लेखी मागितलं तर कमी तास चालतात, काही व्यवसायांच्या सामूहिक करारांत वेगळी सूट आहे, आणि २६ वर्षांखालचा शिकणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर ही अटच नाही. म्हणून उन्हाळ्यात इथल्या किनाऱ्यावर जिकडे बघाल तिकडे कॉलेजची पोरं दिसतात. आइस्क्रीम देणारी, खुर्च्या मांडणारी, कॅम्पिंगच्या दारात चिठ्ठ्या फाडणारी. त्यामागे त्यांची हौस आहे, तसा हा नियमही आहे.

मीही गावातलीच एक मुलगी ठेवली. १९ वर्षांची, शहरात कॉलेजला, सुट्टीत आईवडिलांकडे. गावातलीच का, तर राहायची सोय मी देऊ शकत नाही. उन्हाळ्यात इथली प्रत्येक खोली आठवड्याच्या भाड्याने पर्यटकाला जाते. हंगामी कामगाराला एका खोलीचं भाडं दिलं तर त्याच्या पगारात उरणार काय? किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांची मोठी रड हीच आहे. माणूस मिळतो, पण त्याला झोपायला जागा मिळत नाही. काही पोरं गाडीत किंवा तंबूत राहून हंगाम काढतात.

आता पैशाकडे येऊ.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२५ मध्ये, इथलं किमान वेतन तासाला ११.८८ युरो होतं. याला स्मिक म्हणतात. (२०२६ च्या जानेवारीत ते १२.०२ झालं.) हा वरचा, कापाकापीच्या आधीचा आकडा. कामगाराच्या हातात त्यातले ९.४० पडतात.

२० तास गुणिले ९ आठवडे म्हणजे १८० तास. गुणिले ११.८८. झाले २१३८ युरो.

त्यावर रजेचे १० टक्के. दोन महिन्यांच्या माणसालाही पगारी रजा लागू होते. ती घ्यायला वेळ नसतो, म्हणून शेवटी तिचे पैसे द्यायचे. २१४ युरो. झाले २३५२.

मुदतीच्या करारावर एरवी शेवटी आणखी १० टक्के द्यावे लागतात, नोकरी टिकाऊ नाही याची भरपाई म्हणून. हंगामी करारावर ते नाहीत. कायद्याचं म्हणणं, हंगाम संपणार हे दोघांना आधीच माहीत आहे. यावर इथल्या कामगार संघटना चिडून असतात. त्यांचं म्हणणं, ज्याची नोकरी सगळ्यात तकलादू त्यालाच भरपाई नाही. मला विचाराल तर त्यांचं बरोबर आहे. पण मला तो नियम परवडतो, हेही खरंच.

आता मालकाचा विम्याचा हिस्सा. "फ्रान्समध्ये पगाराच्या निम्मे पैसे सरकारला भरावे लागतात" असं जे ग्रुपवर लिहितात ते याबद्दल. चांगल्या पगाराच्या माणसाबाबत ते फारसं चूक नाही. पण किमान वेतनावरच्या माणसाबाबत ते जवळजवळ पूर्ण चूक आहे. गेली कित्येक वर्षं सरकारने कमी पगारावर मालकाच्या हिश्श्यात मोठी सूट दिलीय. बरोबर किमान वेतनावर असाल तर मालकाचा हिस्सा नावापुरता, थोडे टक्के उरतो. पगार वाढला की सूट कमी होत जाते. माझ्या बाबतीत गंमत अशी की रजेचे ते १० टक्के पगारात धरले जातात, तास मात्र तेवढेच राहतात. म्हणजे सरकारच्या सूत्राला वाटतं की ही बाई किमान वेतनापेक्षा जास्त देतेय. सूट घटते. तरी माझा हिस्सा अडीचशेच्या आत राहिला. २३५२ वर अडीचशे. निम्मे कुठले, दहा-अकरा टक्के.

त्यावर कामगार-आरोग्य सेवेची वर्गणी. ती डोक्यामागे असते, तासांमागे नाही. वर्षभराचा माणूस असो की दोन महिन्यांचा, वर्गणी तीच. शंभर युरोच्या आसपास.

एकूण २७०० युरो. तुमच्या हिशोबाने दोन लाख सत्तर हजार रुपये. सकाळच्या चार तासांच्या, नऊ आठवड्यांच्या मदतीचे.

आकडा ऐकून घाबरू नका, पुढचा जास्त महत्त्वाचा आहे. २७०० युरो खर्च निघायला विक्री किती व्हायला पाहिजे?

पंचा मला सगळा मिळून निम्म्या किमतीला पडतो. म्हणजे १८ मधले ९ माझे. त्या हिशोबाने ५४०० युरोची जादा विक्री. ती ४५ दिवसांवर वाटली तर रोज १२०. रोज सहा-सात पंचे जादा. जमण्यासारखं आहे.

पण माझा धंदा 'मिक्रो आंत्रप्रीझ' या प्रकारात नोंदलेला आहे. एकट्यादुकट्याने धंदा करणाऱ्यांसाठीची ही सोपी पद्धत. कागद कमी, हिशोबनीस नको. मालाची विक्री असेल तर उलाढालीवर १२.३ टक्के वर्गणी भरायची, विषय संपला. अडचण एकच. वर्गणी उलाढालीवर आहे, नफ्यावर नाही. खर्च वजा होत नाही. मालाचा नाही, भाड्याचा नाही, आणि पगाराचाही नाही. म्हणजे मी जे २७०० त्या मुलीसाठी खर्च केले, ते कमवायला जी विक्री केली त्यावरही माझी वर्गणी आहेच.

आता पुन्हा हिशोब करा. १ युरोच्या विक्रीतले ५० सेंट मालाला, १२.३ सेंट वर्गणीला. उरले ३७.७ सेंट. २७०० भागिले ०.३७७. झाले ७१६० युरो. रोज १५९. रोज नऊ पंचे.

सहा-सातचे नऊ झाले. माणूस तोच, पगार तोच, कामगार कायदा तोच. वाढवलं कुणी? मालकाच्या धंद्याच्या नोंदणीच्या पद्धतीने. यातून सुटायचं तर खऱ्या नफ्यावरच्या पद्धतीत जायचं. तिथे पगार खर्चात धरता येतो, पण मग हिशोबनीस लागतो. मला विचारलेले दर वर्षाला हजार-दीड हजार युरोचे होते. माझ्यासारख्या दुकानात तो पैसा काढायला परत पंचेच विकायचे. म्हणून मी आकडेमोड करून आहे तिथेच राहिले. माझ्या ओळखीचे तीन-चार छोटे दुकानदार याच उंबऱ्यावर अडून बसलेत. लोक त्यांना विचारतात, "माणूस का ठेवत नाही?" ते म्हणतात, "अहो, कामगाराचा खर्च फार." पण खर्च कामगाराचा नाही. धंदा एकट्याच्या मापाने शिवलाय, दुसरा त्यात मावत नाही.

कागदपत्रांचं काय? हा आपल्याकडचा आवडता विषय. खरं सांगू, कागदाचा त्रास मला वाटला होता तेवढा नाही. छोट्या मालकांसाठी उर्साफची एक फुकट सोय आहे, तेसे नावाची. तिथे मुलीचं नाव, तास, पगार भरायचा. नेमणुकीची नोंद, पगारपत्रक, कापायचे पैसे, भरायचे पैसे, सगळं तिकडे होतं. मी महिन्याला फक्त तास भरते. पंधरा मिनिटांचं काम. शेवटी कामाचा दाखला, पूर्ण हिशोबाची पावती आणि बेकारी भत्त्याच्या कार्यालयासाठीचं पत्र द्यावं लागतं, तेवढंच. संहितांवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी आपल्याकडे पहिली मागणी ही करायला पाहिजे. कायदा कडक असू दे, पण तो पाळायची वाट पंधरा मिनिटांची असली पाहिजे.

मग खरी अडचण कुठे आहे? पावसात.

गेल्या जुलैत एकदा सलग आठवडाभर पाऊस होता. समुद्रावर चिटपाखरू नाही. बाजारात टेबल मांडून उपयोग नाही. दुकानात दिवसाला वीस-तीस युरो. आणि ती मुलगी रोज बरोबर साडेनऊला हजर. तिला "आज येऊ नको" म्हणता येत नाही. अर्धवेळ करारात दिवस आणि तास लिहिलेले असतात. ते बदलायचे तर काही दिवस आधी लेखी कळवावं लागतं, आणि आकाशाकडे बघून सकाळी आठला कळवलेलं त्यात बसत नाही. तिला काढताही येत नाही. मुदतीचा करार मालकाला मधेच मोडता येत नाही. सुरुवातीच्या चाचणीचे दिवस गेले (माझ्या करारात नऊ दिवस), की त्यानंतर तिची गंभीर चूक किंवा दोघांची संमती अशा मोजक्याच कारणांनी. नाहीतर मुदत संपेपर्यंतचा सगळा पगार द्यायचा. पाऊस ही गंभीर चूक नव्हे. हंगामी करारात एक सोय असते, शेवटची तारीख न लिहिता "हंगाम संपेपर्यंत, पण किमान इतके आठवडे" असं लिहिता येतं. पण हंगामाच्या मधे पडलेल्या पावसाला त्याचा उपयोग नाही.

त्या आठवड्यात तिने गोदामातल्या चादरी मोजल्या, खिडक्या पुसल्या, लेबलं चिकटवली. आणि मी तिला २० तासांचा पूर्ण पगार दिला.

म्हणजे बघा, वरच्या सगळ्या आकड्यांत एक खर्च कुठेच लिहिलेला नाही, आणि तोच सगळ्यात मोठा आहे. हंगामाचा भरवसा नसणं. पाऊस पडला, पर्यटक कमी आले, तर तो तोटा कुणाचा? फ्रान्सच्या कायद्याचं उत्तर साफ आहे. मालकाचा. धंदा तुझा, फायदा झाला तर तुझा, मग पाऊसही तुझा.

आता आपल्याकडे या. हंगाम म्हटलं की आपल्या पट्ट्यात एकच, ऊस. बीडकडून जोडपी येतात, एक कोयता म्हणून मोजली जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मजुरी टनावर. अवकाळी पाऊस झाला, फडात चिखल झाला, कारखाना बंद पडला, त्या दिवशी टन शून्य म्हणून मजुरी शून्य. उचल मात्र तशीच. आजारी पडून घरी बसलं तर वरून खाडा कापला जातो. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या आल्या तेव्हा राज्यभर हळहळ झाली. त्या बातम्यांच्या मुळाशी हेच होतं, महिन्यातले दोन दिवस बुडणं परवडत नाही. तिथेही हंगामाला भरवसा नाही, तिथेही पाऊस पडतो. फक्त पावसाचा पगार मजूर देतो.

म्हणून "आपल्याकडे माणूस स्वस्त आहे" हे वाक्य मला पटत नाही. त्याची किंमत तेवढीच असते. ती कुठल्या वहीत लिहिली जाते, एवढाच फरक. इथे ती माझ्या वहीत येते. तिकडे ती मजुराच्या घरात, पोरांच्या शाळेत, बाईच्या अंगावर येते.

कुणी म्हणेल, बाई मालक झाल्या आणि वर उपदेश करतायत. तर मी दुसऱ्या बाजूलाही उभी राहिलेय. विद्यार्थिनी म्हणून या देशात आले तेव्हा एका रेस्टॉरंटमध्ये उन्हाळ्यात भांडी घासली. परदेशी विद्यार्थ्याला इथे वर्षाला ९६४ तास काम करता येतं. माझे तास त्या हद्दीत बसत होते. पण मालकाने कागदावर आठवड्याला बारा तास दाखवले, करून घेतले पंचवीस. वरचे पैसे शेवटी रोख, तेही मोजून कमी. एका रात्री ओल्या फरशीवर घसरले आणि मनगट मोडलं. उपचार झाले, त्याची तक्रार नाही. पण घरी बसलेल्या दिवसांचा भत्ता मिळाला तो कागदावरच्या बारा तासांवर. उरलेले तेरा तास मी कधी केलेच नव्हते, कागदाच्या लेखी. भाडं मात्र पंचवीस तासांच्या हिशोबाने घेतलेल्या खोलीचं होतं.

पुण्या-नागपूरकडची पोरं हल्ली बरीच येतात इकडे शिकायला. त्यांना एवढंच सांगेन, "थोडे रोख देतो, दोघांचा फायदा" असं कुणी म्हणालं तर फायदा एकाचाच असतो. आणि मालकालाही धोका काही कमी नाही. नोंद न करता माणूस राबवणं हा इथे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ४५ हजार युरोंपर्यंत दंड. वर कामगाराला सहा महिन्यांचा पगार भरपाई म्हणून.

तरी होतंच. फ्रान्स म्हणजे रामराज्य नव्हे. शॅम्पेनच्या द्राक्षबागांत तोडणी हातानेच करावी लागते, तसा नियमच आहे, आणि त्या काही आठवड्यांसाठी हजारो हंगामी हात लागतात. २०२३ च्या सप्टेंबरात तिथल्या एका गावात पन्नासहून जास्त तोडणी कामगार सापडले. बहुतेक पश्चिम आफ्रिकेतले, कागदपत्रं नसलेले, कोंबून ठेवलेले, अंथरुणं जमिनीवर, संडास घाण. माणसं पुरवणारी एक कंपनी मधे होती. आपल्या भाषेत मुकादम. २०२५ च्या जुलैत कोर्टाने त्यात मानवी तस्करीचा गुन्हा सिद्ध धरून शिक्षा दिल्या. शॅम्पेनसारख्या महागड्या दारूच्या द्राक्षांवर ही वेळ. तेव्हा "छोट्या धंद्याला परवडत नाही म्हणून माणूस पिळला जातो" हेही पूर्ण खरं नाही. परवडणारेही पिळतात, मधे कुणी मुकादम मिळाला की झालं.

माझ्या मुलीला काय मिळालं ते सांगते. नऊ आठवड्यांचे हातात १८५० युरोच्या वर. शिकणाऱ्या मुलांच्या अशा कमाईवर एका मर्यादेपर्यंत आयकरही नाही. पहिल्या तासापासून अपघाताचा विमा. आणि एक गोष्ट जी मला स्वतःला फार आवडते. इथे किमान वेतनाच्या १५० तासांएवढी कमाई झाली की पेन्शनच्या खात्यात एक तिमाही जमा होते. तिचे १८० तास होते. म्हणजे आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी ती निवृत्त होईल तेव्हा तिच्या हिशोबात एक तिमाही माझ्या पंच्यांच्या दुकानाची असेल. इचलकरंजीच्या मागावर माझ्या वडिलांनी उभा जन्म काढला. त्यांच्या खात्यात अशा किती तिमाह्या जमल्या असतील, तुम्हीच सांगा. घराघरात तीच गोष्ट आहे आपल्याकडे.

आणि मला काय मिळालं? ती दुकान सांभाळत होती म्हणून आठवड्यातले तीन दिवस मी बाजारात जाऊ शकले. जादा विक्री झाली ७९०० च्या आसपास. तिचा खर्च, माल, वर्गणी, बाजारातल्या जागेचे पैसे, सगळं वजा जाता हातात उरले १३० युरो. हो, एकशेतीस. नऊ आठवड्यांचे. शिवाय रविवारी दुपारी झोपायला मिळालं. ३५ तासांच्या आठवड्याचा तो प्रसिद्ध कायदा नोकरदारांना आहे, स्वतःच्या धंद्याला नाही. मालकीणबाईंचे उन्हाळ्यात सत्तर तास होतात आणि त्याला कुठलाही निरीक्षक येत नाही.

म्हणून छोट्या धंदेवाल्याची रड खोटी आहे असं मी म्हणत नाही. १३० युरोसाठी २७०० चा धोका कोण घेईल? एक आठवडा जास्त पाऊस पडला असता तर खिशातून गेले असते. पण त्यावर उपाय तिचा पगार कापणं हा नाही. मला मदत हवी असेल तर ती अशी हवी की माणूस ठेवल्यावर वर्गणी उलाढालीवर न लावता पगार वजा करून लावा. आरोग्याची वर्गणी तासांप्रमाणे घ्या. गावाने हंगामी पोरांसाठी चार खोल्या राखून ठेवा. खराब हंगामाचा तोटा थोडा सरकारने, थोडा गिऱ्हाइकाने उचलावा. पंचा १८ चा १९ झाला तर पर्यटकाचं काही बिघडत नाही. कमी पगारावरचा मालकाचा हिस्सा सरकारने स्वतःकडे घेतलाच ना? म्हणजे मालकाला सोसवेल आणि कामगाराचंही जाणार नाही असा मार्ग काढता येतो. काढायचा असेल तर.

इथे एक बदल २०२५ च्या एप्रिलपासून झाला, तोही सांगते. बेकारी भत्त्याला पात्र व्हायला एरवी सहा महिने काम झालेलं लागतं. हंगामी कामगारांसाठी ते पाच महिने केलं. उन्हाळ्यात समुद्र, हिवाळ्यात बर्फाचे डोंगर अशी वर्षभर फिरणारी माणसं आहेत इथे, त्यांच्यासाठी एक महिनाही मोठा असतो. कामगार संघटना आणि मालकांच्या संघटना एका टेबलावर बसून ते ठरलं. भांडत भांडतच, पण ठरलं.

तेव्हा मंडळी, संहितांवर जरूर भांडा. फक्त "कामगार महाग की स्वस्त" यावर भांडू नका. पुढच्या वेळी कुणी "छोट्या धंद्याला परवडत नाही" म्हणालं की त्याला वही मागा. माल किती, भाडं किती, पगार किती, कर कुठे बसतो. मी माझी वही इथे उघडी ठेवलीय. आणि "कामगाराला सगळं द्या" म्हणणाऱ्याला विचारा, पावसाच्या दिवशीचे पैसे कुठून आणायचे. दोघांनाही उत्तर द्यावं लागेल.

या जूनमध्ये मी परत माणूस ठेवणार आहे. नवीन दराने हिशोब केलाय, खर्च थोडा वाढतोय, रोज नऊचे सव्वानऊ पंचे धरा. तीच मुलगी येते म्हणालीय. आल्याबरोबर पहिला करार, मग चहा.

तुमच्यापैकी ज्यांची दुकानं, हॉटेलं, माग आहेत त्यांनी खाली लिहा. हंगामाला माणूस ठेवता तेव्हा त्याला काय देता, आणि काम नसलेल्या दिवशी काय देता? नावं नकोत, आकडे द्या.